कर्णिककाकांचं बूटपॉलिश

पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी आणि आसपासच्या तमाम नागरिकांना, माता-भगिनींना आणि आबालवृद्धांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या सोसायटीतले श्री. अनंतराव कर्णिक हे बूट घालत नाहीत. पोस्टातून निवृत्त झाले त्या दिवसापासून त्यांच्या पायात चपला आहेत. लग्नाला चपला, मयताला चपला आणि सोसायटीच्या सभेलाही चपलाच. तिथे तर त्या दाराबाहेर न काढता पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसतात, कारण त्यांच्या मते चपलांवरून आत कोण बसलंय ते बाहेरच्याला कळतं. असं असूनही सदर इसमाच्या माळ्यावर काळ्या बूटपॉलिशच्या इतक्या डब्या आहेत की एखादी पलटण संचलनाला निघावी. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

काका माझ्या अगदी वरच्या मजल्यावर राहतात. पण त्यांच्या दारावर पाटी आहे 'जोशी' अशी. जोशी हे त्या घराचे आधीचे मालक, घर विकून केव्हाच खारघरला गेले. मी एकदा म्हटलं, "काका, पाटी बदला की आता. माझ्या ओळखीचा पेंटर आहे."

काकांनी मला जिन्याच्या कोपऱ्यात ओढलं. काका महत्त्वाचं काही बोलायचं झालं की कोपरा शोधतात, आणि त्यांच्या दृष्टीने सगळंच महत्त्वाचं असतं.

"हळू बोला साळवी. राहू दे ती पाटी. उद्या चोर आला तर तो जोश्यांकडे येईल. आपण दार उघडून सांगायचं, जोशी खारघरला गेले."

मी वर बघितलं, खाली बघितलं आणि घरी गेलो.

रिक्षाने आले तर काका एक बिल्डिंग आधी उतरतात आणि आमच्या गेटकडे पाठ करून, कुठे दुसरीकडेच निघाल्यासारखे चालत येतात. दुकानात मोबाईल नंबर मागितला तर कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या पीसीओचा नंबर देतात. तब्येत कशी आहे विचारलं तर "का?" म्हणतात.

हे सगळं कुठून आलं? पोस्टातून. काकांची उभी हयात पोस्टात गेली आणि त्यातली बरीच वर्षं टपाल निवडण्यात. ते म्हणतात, "लिफाफ्यातलं आपल्याला काही कळत नाही. पण पोस्टकार्ड! आपण वाचत नाही हो, नजर पडते. अक्षर टपोरं असलं की नजर काय करणार? कोणाच्या मुलीचं कुठे मोडलं, कोणाचे भाऊ भाऊ बोलत नाहीत, सगळं उघड्यावर. लिहिणाऱ्याला वाटतं, फक्त मामाच वाचणार. मामापर्यंत पोचेतो निम्म्या तालुक्याची नजर पडलेली असते."

म्हणून जगातल्या ज्या ज्या गोष्टीत माणूस आपली माहिती आपल्या हाताने दुसऱ्याला देतो, तिला काका एकच नाव देतात. बोट वर करून, दबक्या आवाजात: "उघडं कार्ड, साळवी. उघडं कार्ड!"

अशा माणसाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सुपरमार्केट निघालं. आम्ही त्याला 'मॉल'च म्हणायचो. तेव्हा एसी आणि ढकलगाडी असली की त्याला मॉल म्हणायची पद्धत होती. उद्घाटनाला केळीचे खांब, झेंडूची तोरणं आणि दारातच दोन टेबलं. टेबलांमागे युनिफॉर्ममधल्या मुली. कार्ड घ्या, फुकट आहे, खरेदी केली की पॉइंट मिळतात, पॉइंटांवर वस्तू मिळतात.

"फुकट?" काका माझ्या कानात म्हणाले. "उंदराच्या पिंजऱ्यातली भाकरीसुद्धा फुकटच असते."

मला जरा वाद घालायची खुमखुमी आली. "काका, जुन्या पनवेलीतल्या तुमच्या वाण्याला काय कमी माहिती होती? तुम्ही किती गूळ खाता तेसुद्धा तोच सांगायचा."

"वाण्याला माझं माहीत होतं, तसं मलाही त्याचं माहीत होतं. त्याचा मुलगा नापास झालेला मला ठाऊक, त्याला मूळव्याध आहे ते ठाऊक. बरोबरीचा मामला होता. या कार्डामागच्या मशीनचं मला काय ठाऊक आहे? त्याला मूळव्याध आहे का?"

खरं सांगू, याला उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

पण आम्ही दोघं पिंजरा आणि भाकरी यावर खलबत करत असताना दुसऱ्या टेबलावर आक्रीत घडत होतं. सुमनकाकू, म्हणजे कर्णिककाकांच्या पत्नी, खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या होत्या आणि त्या मुलीला सगळं सांगत होत्या. काकू काकांच्या नेमक्या उलट. आवाज खणखणीत, हसणं त्याहून खणखणीत. कानात सांगायची गोष्टसुद्धा त्या अशी सांगतात की रिक्षा स्टॅंडवरचे लोक मान वळवतात. त्यांनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, काकांचा मोबाईल नंबर सांगितला, लग्नाचा वाढदिवस सांगितला. कोणी विचारलं नव्हतं तरी काकांचा रक्तगट आणि त्यांना चण्याच्या डाळीचा त्रास होतो हेही सांगितलं. मुलगी लिहून घेत होती. काका पोचले तेव्हा कार्ड काकूंच्या हातात होतं, चकचकीत, निळं.

"सुमन, काय केलंस हे!"

"अहो, किती गोड मुलगी आहे! शिरढोणची आहे. दर्शना नाव."

पुढे काही महिन्यांनी काकांच्या मोबाईलवर संदेश आला: लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. काका पांढरेफटक पडले. "यांना कसं कळलं?"

काकू म्हणाल्या, "निदान कोणाच्या तरी लक्षात होतं म्हणायचं!"

बूटपॉलिशचं प्रकरण सुरू झालं ते यानंतर वर्षा-दीड वर्षाने. एका सकाळी काका माझ्या दारात. आधी जिना वरखाली बघून घेतला, मग शर्टाच्या खिशातून चेरी ब्लॉसम बूटपॉलिशच्या दोन काळ्या डब्या काढून माझ्या हातात कोंबल्या.

"ठेवा. बोलू नका."

"हे काय काका?"

"मोहीम," काका म्हणाले. "कार्ड आता परत देता येत नाही. नाव गेलं, नंबर गेला. मग करायचं काय? फसवायचं! लागत नाही ते घ्यायचं. त्या कॉम्प्युटरला वाटलं पाहिजे, हे कर्णिक म्हणजे कोणी तरी पोलिसांचं ट्रेनिंग सेंटर चालवतात. म्हणजे खरा माणूस झाकला जातो. समजलं?"

मला ही कल्पना इतकी आवडली की मी ती दुपारपर्यंत सबंध बिल्डिंगला अभिनयासकट करून दाखवली. लोक पोट धरधरून हसले. सगळ्यात जास्त हसल्या तळमजल्यावरच्या पाटकरवहिनी. या बाईंना कॉलनीत कुठे काय शिजलं ते कुकरची शिट्टी व्हायच्या आत कळतं आणि शिट्टीनंतर सगळ्यांना कळतं. त्यांनी काकांचं नाव 'पॉलिशवाले' ठेवलं आणि ते दोन दिवसांत खांदा कॉलनीभर झालं.

मोहीम मात्र जोरात चालली. काकांच्या घरातून डब्या यायच्या आणि बिल्डिंगभर वाटल्या जायच्या. आमच्या सोसायटीतल्या मुलांचे शाळेचे बूट असे चमकायला लागले की शाळेतल्या बाईंनी बाकीच्या वर्गाला ते उदाहरण म्हणून दाखवले. वॉचमनच्या बुटात तोंड बघून केस विंचरता येत होते. पॉलिशच्या जोडीला मधूनच हिंगाच्या डब्या यायच्या. तेव्हा काका म्हणायचे, "आज त्याला वाटू दे आपण खानावळ चालवतो."

समोरून येताना कोणी "काय पॉलिशवाले!" म्हटलं तर एरवी स्वतःचं नावही न सांगणारा हा माणूस खुशाल हात वर करायचा. मला नवल वाटायचं. ज्याला कोणाच्या नजरेत येणं नको, तो सबंध कॉलनीचा विदूषक व्हायला कसा तयार झाला?

ते कळलं एका दुपारी, मॉलमध्येच.

मी चहाच्या पुड्यांपाशी उभा होतो. दोन रांगा पलीकडे सुमनकाकू टोपली घेऊन चालल्या होत्या, आरामात, वस्तू हातात घेऊन उलटसुलट बघत. आणि त्यांच्या मागे, कपाटांच्या आडून आडून, उघडलेला पेपर तोंडासमोर धरून एक गृहस्थ सरकत होते. पेपरखाली ओळखीच्या चपला. मला हसू आवरेना. काकूंनी पॉलिशची डबी टोपलीत टाकली. पुढे गेल्या. वळून परत आल्या, आणखी एक टाकली. मग थांबून विचार केला आणि आणखी एक टाकली. टोपली खाली ठेवून त्या साबणाकडे वळल्या तशी पेपरच्या आडून एक हात आला, त्याने दोन डब्या उचलल्या आणि कपाटात परत ठेवल्या.

काकांनी मला बघितलं. पेपर खाली आला. मला वाटलं, आता कोपरा शोधतील. त्यांनी शोधला, फिनेलच्या बाटल्यांपाशी. पण या वेळी त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट होता.

"मोहीमबिहीम काही नाही, साळवी."

त्यांनी साबणापाशी उभ्या असलेल्या काकूंकडे एकदा बघून घेतलं.

"मी ड्यूटीवर होतो तेव्हा रोज पहाटे ती माझे बूट पॉलिश करून दाराशी ठेवायची. मी कधी सांगितलं नाही हो तसं, तीच करायची. आता मधूनमधून तिला वाटतं, उद्या मला ड्यूटी आहे आणि घरातलं पॉलिश संपलंय. घरी आणून ठेवते आणि विसरते. दुसऱ्या दिवशी परत आणते. हिंगाचंही तसंच."

"डॉक्टर?"

"दाखवलंय. ते म्हणाले, जे जे स्वतःचं स्वतः करतायत ते करू द्या, बंद करू नका. एकटीने यायची जागा एवढी एकच राहिलीय तिला. घर ते मॉल. इथे ती राणीसारखी फिरते. बघा."

मी बघितलं. काकू एका अनोळखी बाईला कुठला साबण चांगला ते समजावून सांगत होत्या आणि ती बाई मान डोलावत होती.

"बिल्डिंगमध्ये कळलं ना," काका म्हणाले, "तर लोक वाईट नाहीत हो. चांगलेच आहेत, तेच तर दुखणं आहे. हात धरून जिना उतरवतील. तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतील. आणि मग तिच्या देखत मला विचारतील, 'आज कशा आहेत या?' ती समोर उभी असताना! ते मला बघवणार नाही. त्यापेक्षा माझ्यावर हसू द्या. माझं काय जातं? मी आधीच विक्षिप्त आहे."

मग त्यांनी मान वर करून काउंटरकडे बघितलं. तिथे कॉम्प्युटरचे पडदे ओळीने चमकत होते.

"बिल्डिंगची मला भीती नाही, तिथे मी पुरून उरेन. मला भीती त्याची आहे. ती काय काय नेते, केव्हा केव्हा नेते, सगळं त्याच्याकडे आहे. तिच्या आजाराचं तीन जणांना माहीत आहे, साळवी. डॉक्टर, मी आणि ते मशीन. डॉक्टर बोलणार नाहीत, मी बोलणार नाही. त्याचा काही भरवसा नाही."

त्या दिवसापासून मी काकांच्या पॉलिशवरच्या नकला बंद केल्या, असं म्हणणार होतो. पण ते काकांनीच करू दिलं नाही. "चालू ठेवा," म्हणाले. "एकदम बंद केल्या तर पाटकरवहिनींना संशय येईल." तेव्हा मी नकला चालू ठेवल्या, किंबहुना त्यात थोडी भर घातली. एकदा तर काका स्वतः जिन्यात उभे राहून बघत होते आणि मी त्यांचं चालणं नीट करत नाही म्हणून नाराज झाले.

आणि मग दसऱ्याची आदली संध्याकाळ आली. मॉलमध्ये ही गर्दी! रांगेत सगळ्यात पुढे सुमनकाकू, त्यांच्या मागे साक्षात पाटकरवहिनी, त्यांच्या मागे मी. काका नेहमीप्रमाणे फिनेलपाशी पेपर वाचत. काउंटरवर दर्शना. आता ती पहिल्या दिवशीची बुजरी मुलगी राहिली नव्हती, पण गर्दीत घाई झाली की तिची घरची बोली बाहेर यायची.

"काकू, कार्ड हाय ना?"

काकूंनी पर्समधून कार्ड काढलं, अगदी दिमाखात. सामान मशीनखालून सरकायला लागलं. तांदूळ, रवा, बूटपॉलिश. आणि एकाएकी मशीनने कधी न काढलेला आवाज काढला, टिंग करून, आणि बाजूच्या फटीतून एक चिठ्ठी बाहेर आली. दर्शनाने ती वाचली आणि तिचा चेहरा उजळला. त्या पोरीच्या मनात तिळमात्र वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

"अगो बाय! काकू, तुमाला बक्षीस लागलंय! बूटपॉलिशवर एकावर एक फ्री! कॉम्प्युटर बोलतो, सगळ्या दुकानात जास्ती पॉलिश तुमीच नेता. हे बघा ना, काल नेलंय, परवा नेलंय, त्याच्या आदल्या दिवशीपन नेलंय!"

रांग हसली. दसऱ्याची गर्दी होती, बक्षीस म्हटल्यावर लोक हसणारच. पण पाटकरवहिनी हसल्या नाहीत. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"सुमनताई, रोज तुम्ही नेता? आम्हाला वाटलं काका नेतात."

"मी?" काकू हसत म्हणाल्या. "छे हो, मी कुठे? घरातलं संपलं म्हणून आज घ्यायला आले."

"पण काल..." दर्शना म्हणाली आणि तिने पडदा काकूंकडे वळवला.

काकूंनी पडद्याकडे बघितलं. मग हातातल्या डबीकडे. मग परत पडद्याकडे. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण ते आता कोणीतरी तिथे विसरून गेल्यासारखं दिसत होतं. मी त्या खणखणीत बाईला कधीच गप्प झालेलं बघितलं नव्हतं. त्या सावकाश म्हणाल्या, "काल मी आले होते?"

पाटकरवहिनींनी तोंड उघडलं. 

इतक्यात फिनेलच्या दिशेने काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला आणि गर्दीतून वाट काढत, पेपर चुरगळून हातात धरलेले काका काउंटरवर येऊन थडकले. त्या माणसाचा खरा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दुकानाच्या पार त्या टोकाला भाज्या वजन करणारेसुद्धा थांबले.

"मी! मी सांगतो तिला आणायला! मी अनंत विष्णू कर्णिक, बी विंग, दुसरा मजला, दारावर जोशी अशी पाटी आहे ते घर! मला रोज वाटतं मला ड्यूटीवर जायचंय, आणि रोज सकाळी मी हिला सांगतो, पॉलिश संपलंय, पॉलिश आण! आणि आणलं की विसरतो! ती बिचारी मला वाईट वाटू नये म्हणून काही बोलत नाही. माझंच डोकं चालत नाही हल्ली. झालं समाधान? लिहून घ्या तुमच्या मशीनमध्ये!"

दर्शनाच्या हातातली चिठ्ठी तिच्याच मुठीत चुरगळली. पाटकरवहिनींनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा काकूंकडे बघितलं, आणि त्या बाईंच्या चेहऱ्यावर मला असं काही दिसलं की मी त्यांच्याबद्दल आजवर जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो. त्यांना सगळं कळलं होतं. आणि त्या माउलीने उघडलेलं तोंड मिटलं.

काकू नवऱ्याकडे बघत होत्या. त्याच्या कपाळावरचा घाम, चुरगळलेला पेपर. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला, कोडं सुटल्यावर पडतो तसा. सगळं जुळलं होतं. त्यांनी डबी पिशवीत ठेवली, पदराने काकांचं कपाळ पुसलं आणि पाटकरवहिनींच्या कानाशी वाकून, त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी हळू आवाजात म्हणाल्या, आणि ते रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं:

"यांना हल्ली काही आठवत नाही हो, वहिनी. मी घेते सांभाळून. पण तुम्ही बाहेर कुठे बोलू नका हं, यांना वाईट वाटेल!"